लार्गो चालतो, मग ओवी का चालत नाही?

दिवा जंक्शनवरून भिवंडीमार्गे वसईला जाणाऱ्या गाड्या मोजक्याच. गेल्या पावसाळ्यात त्यांपैकी एका गाडीने आम्ही दोघे एका माजी विद्यार्थिनीच्या आईच्या अंत्यविधीला गेलो होतो. बाई हयातभर ख्याल शिकल्या आणि पुढे शिकवीतही राहिल्या. मुलीची इच्छा एवढीच होती, की मिस्सा संपताना 'क्रिस्तपुराणा'तल्या चार ओव्या भैरवीच्या सुरांत, तानपुऱ्यावर म्हणाव्यात. नकार आला. शास्त्रीय संगीत हे मैफलीचे, म्हणजे लौकिक. उपासनेत ते बसत नाही, असे कारण देण्यात आले. मग शवपेटी उचलली गेली तेव्हा कीबोर्डवर जे वाजू लागले, ते ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. हेंडेलचा 'लार्गो'!

हा 'लार्गो' म्हणजे १७३८ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या 'सेर्से' या ऑपेरातले आरंभीचे गाणे. इराणचा राजा एका चिनार वृक्षाच्या सावलीचे गुणगान करतो आहे. त्यात ना ख्रिस्त, ना पुनरुत्थान. संथ लय आणि ऑर्गनसारखा घुमणारा नाद एवढ्या भांडवलावर ते गाणे जगभरच्या चर्चमधून अंत्यविधीचे गाणे होऊन बसले. आमची त्याविषयी तक्रार नाही. स्वर सुंदर आहेत आणि शोकाला ते आधार देतात. तक्रार आहे ती निकषाविषयी. नाटकातल्या राजाचे वृक्षप्रेम जर सवयीने पवित्र होऊ शकते, तर एका जेज्विट धर्मगुरूने ख्रिस्तचरित्रासाठीच रचलेली मराठी ओवी रागाचा आधार घेताच लौकिक कशी ठरते?

'क्रिस्तपुराण' आपण एम.ए.च्या वर्गात शिकवतो ते मुक्या पाठासारखे. भाषिक विशेष, महाकाव्याची लक्षणे, संतकाव्याशी तुलना, आणि प्रश्नपत्रिका. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ छापला गेला, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. पण तो ग्रंथ रविवारी आणि सणावारी देवळात (गोव्याकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणत) जमलेल्या भाविकांना ऐकवला जाई, हे आपण जाता जाता सांगतो आणि पुढे सरकतो. स्टीफन्सने छंद कुठून उचलला? जात्यावरून, आणि वारकऱ्यांच्या ग्रंथांतून. म्हणजे एक उगम निखळ लौकिक आणि दुसरा परधर्मीय. आजच्या निकषाने तो स्वतःच्याच चर्चच्या दारात अडला असता. पुढे १७३६ साली गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने लग्नकार्यात ओव्या म्हणण्यावर बंदी घातली. ज्या छंदात ख्रिस्त मराठी झाला, तोच छंद सव्वाशे वर्षांत संशयित ठरला. तो संशय त्या फर्मानाबरोबर संपला असे आम्हांला वाटत नाही.

कायद्याचे म्हणाल तर रोम याहून उदार आहे. १९०३ साली दहाव्या पायसने ऑपेराछापाच्या संगीताला उपासनेतून बाहेर काढू पाहिले. चर्चमध्ये पियानो वाजवण्यालाही मनाई केली. त्यामागची चिंता खोटी नव्हती. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या घटनेत धर्मप्रसाराच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान आणि उपासनेत जागा द्यायला सांगितले. आपल्याकडे अंधेरीच्या ज्ञान आश्रमातले जर्मन फादर जॉर्ज प्रोक्ष हिंदुस्थानी संगीताच्या वळणाची भक्तिगीते रचतच होते. १९६७ च्या सूचनापत्रात मात्र एक अट आली : सर्वसामान्य समजुतीने जी वाद्ये केवळ लौकिक संगीताची मानली जातात, ती वर्ज्य. सारे भांडण या 'सर्वसामान्य समजुती'त आहे. समजूत कुणाची? त्याच सूचनापत्राने वाद्यांच्या बाबतीत त्या त्या लोकांची संस्कृती ध्यानात घ्यायला सांगितले आहे. वसईच्या शेतकऱ्याच्या कानाला तानपुरा मैफलीचा वाटतो की भजनाचा, हे त्याला कुणी विचारले आहे काय?

वाद्यांना जन्मजात धर्म नसतो, याची साक्ष आपली बाजाची पेटी देईल. १८४२ साली पॅरिसमध्ये पेटंट झालेले हे वाद्य युरोपात गरीब चर्चचा ऑर्गन म्हणून वाजले, मिशनऱ्यांबरोबर इकडे आले, कीर्तनात शिरले, नाट्यसंगीताचे झाले. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षे ते परके म्हणून बाहेर ठेवले; आणि आज चर्चमध्ये कुणी पेटी मांडली, तर मागच्या बाकावर 'हे काय भजनी मंडळ?' अशी कुजबुज होते. बिचारीने जावे तरी कुठे!

याचा अर्थ काहीही चालावे असा नाही, आणि इथे आमचे काही पुरोगामी मित्रांशीही पटत नाही. मिस्सामध्ये विलंबित ख्याल नको. सासू-नणंदेच्या गाऱ्हाण्यांची बंदिश तर नकोच. पण शब्द बदलून तीच बंदिश ख्रिस्ती केली तरी प्रश्न सुटत नाही. ख्यालात शब्द हे सुरांना निमित्त असतात, आणि उपासनेत शब्दांना सूर वाहून नेतात. शिवाय ख्याल भाविकांचा श्रोता करतो. तानेला दाद द्यावीशी वाटली की वेदीकडची नजर गायकाकडे वळते. (मोझार्टच्या मिस्सा ऐकतानाही आमचे नेमके हेच होते.) पण ही हरकत गायकीच्या एका रीतीवर आहे, रागावर नाही. भैरवीतली ओवी सारे घर म्हणू शकते. तिला लौकिक म्हणणे हा संगीताचा निवाडा नव्हे. तो मराठी कानाविषयीचा निवाडा आहे.

तुम्ही ख्रिस्ती नाही, मग यात तोंड का घालता, असे आम्हांला विचारले जाईल. 'क्रिस्तपुराण' मराठी साहित्याचा ग्रंथ म्हणून अभ्यासक्रमात ठेवायचा, त्यावर परीक्षा घ्यायच्या, आणि तो जिथे म्हटला जायचा तिथून त्याला घालवले की 'त्यांचा अंतर्गत प्रश्न' म्हणून गप्प बसायचे, हे आम्हांला जमत नाही.

त्या मुलीने ओव्या अखेर घरीच म्हटल्या, तिसाव्या दिवशी. आईचा तानपुरा पावसाळी हवेत सुरात लागेना, म्हणून तानपुऱ्याचे ॲप मोबाइलवर लावून. दुसऱ्या ओवीपासून शेजारच्या दोन म्हाताऱ्या तिच्या मागून म्हणू लागल्या. ग्रंथ त्यांनी कधी वाचलेला नव्हता. चाल मात्र त्यांना ठाऊक होती.