स्वस्त खोलीची किंमत

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आढळला. निवृत्तीनंतर थोडी शिल्लक हाती आहे, युरोपातील चार-पाच शहरे एकदा डोळ्यांनी पाहावीत अशी इच्छा आहे. परंतु प्रवासी कंपनीच्या घोळक्याबरोबर पहाटे पाचला उठून धावण्याची उमेद आता राहिलेली नाही. तेव्हा आपले आपण गेल्यास राहण्याचा आणि फिरण्याचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा? २०२५ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता असा प्रवास करून आलो, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करते. त्यात चार शहाणपणाच्या गोष्टी आहेत, तशी एक ठळक चूकही आहे, आणि ती सर्वस्वी माझी आहे.

प्रथम आमची परिस्थिती सांगते. ह्यांचे वय अडुसष्ट, माझे त्रेसष्ट. बँकेतील एक मुदतठेव पुरी झाली होती. तिचे आम्ही दोन भाग केले: एक ह्यांच्या उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी, दुसरा प्रवासासाठी. काहीही झाले तरी पहिल्या भागाला हात लावायचा नाही, असे निघण्यापूर्वीच ठरले होते. आमच्या बडोद्याचे सयाजीराव महाराज १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले तेव्हा त्यांच्यासमवेत मोठा लवाजमा होता. आमच्यासमवेत दोन बॅगा, भाजणीची पिशवी आणि मेतकुटाची बाटली एवढाच सरंजाम होता. (तुपाची बरणी मात्र कोणी नेऊ नये. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूधदुभत्याचे व मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. पेढेही त्यातच आले.)

खर्चाची खरी बचत घरी नकाशा पुढे घेऊन बसल्यावर होते. एका शहरात उतरायचे आणि दुसऱ्याच शहरातून परतायचे, असे विमानाचे तिकीट एकत्र काढता येते. आम्ही पॅरिसला उतरलो आणि रोमहून निघालो. त्यामुळे पुन्हा पॅरिसला येण्याचे भाडे आणि एक संपूर्ण दिवस वाचला. पॅरिस पाच रात्री, बाझल दोन, आगगाडीत एक, व्हिएन्ना तीन, व्हेनिस दोन आणि रोम चार, असा सतरा रात्रींचा बेत ठरला. यादीत आधी प्राग आणि ॲमस्टरडॅमही होती. ती मीच खोडली. प्रत्येक नव्या शहराबरोबर एक गाडीभाडे, दोन वेळा सामानाची ओढाताण आणि अर्धा दिवस जातो. शहर कमी केले की हे सारे आपोआप वाचते.

व्हिसाच्या बाबतीत एक गंमत झाली. पहिले पाऊल फ्रान्सात, तेव्हा अर्ज फ्रान्सकडे करायचा असे आम्ही गृहीत धरले होते. परंतु ज्या देशात मुक्काम सर्वांत अधिक, त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. व्हेनिस-रोम मिळून इटलीत सहा रात्री होत होत्या, म्हणून अर्ज इटलीकडे गेला. दिवस समसमान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. जून २०२४ पासून या व्हिसाचे शुल्क प्रौढांना ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शक्य तितका लवकर करावा. कारण खरी अडचण अशी की, आगगाडीची स्वस्त तिकिटे आधी काढणाऱ्यास मिळतात, पण त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. आणि व्हिसा हाती येण्यापूर्वी ती काढावीत तर छातीत धडधड. आम्ही रद्द करता येतील अशा खोल्या घेऊन अर्ज केला आणि शिक्का बसल्यावर त्याच संध्याकाळी तिकिटे काढली.

आणि त्याच संध्याकाळी मी चूक केली. पॅरिसमध्ये शहराच्या आत ११० युरोंची खोली घेतलेली होती. उपनगरात ७८ युरोंची खोली दिसली; पैसे परत न मिळण्याच्या अटीवर. पाच रात्रींत १६० युरोंची बचत! मी पहिली खोली रद्द करून ती घेतली. छायाचित्रात खिडकीवर जिरेनियमची फुले होती. उद्वाहन आहे किंवा नाही, हे मी पाहिले नाही.

उद्वाहन नव्हते. खोली चौथ्या मजल्यावर होती. आगगाडीच्या स्थानकापासून तेथवर बस होती, पण तीही रात्री लवकर बंद होत असे. पहिल्याच रात्री शेवटची बस चुकली आणि टॅक्सीला ३८ युरो मोजले. त्यात पॅरिसच्या भुयारी रेल्वेची बहुतेक जुनी स्थानके म्हणजे जिन्यांचे जाळेच. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचा गुडघा पावासारखा फुगला होता. हे खिडकीशी बसून म्हणाले, “तू जाऊन ये लूव्हरला. मी इथं वाचत बसतो.” आयुष्यभर ज्यांनी चित्रांची पुस्तके जमवली त्या माणसाचे हे बोलणे मला ऐकवेना. मी म्हटले, “अहो, सामान आवरा. आपण इथून निघू या.” “पैसे परत मिळायचे नाहीत,” ते म्हणाले. मला ते ठाऊकच होते. खोली मी निवडली असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. म्हटले असते तर बरे वाटले असते.

तीन रात्रींचे २३४ युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे चोवीस हजार रुपये, तिथेच राहिले. शहरात उद्वाहन असलेली आणि बसथांब्याजवळची खोली घेतली, तिचे पैसे निराळे. दुसऱ्या दिवशी हे लूव्हरमध्ये दोन तास बाकावर बसून बसून का होईना, पण हिंडले.

तेव्हापासून खोलीचा भाव पाहताना मी वहीत तीन रकाने आखते: खोलीचे भाडे, तेथवर रोज जाण्या-येण्याचा खर्च, आणि रात्री दहानंतर पोचण्याची सोय. काही शहरांत दर रात्री दर माणशी घेतला जाणारा पाहुण्यांवरील कर बहुधा निराळा असतो, तोही त्यात मिळवते. मग स्वस्त खोली पुष्कळदा स्वस्त राहत नाही.

पॅरिसच्या वाहतुकीविषयी आणखी थोडे. २०२५ साली तेथे भुयारी रेल्वे व उपनगरी गाडीचे एक तिकीट अडीच युरो आणि बस-ट्रामचे दोन युरो होते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी बसच धरावी. एकाच तिकिटात दीड तासाच्या आत बस बदलताही येते, आणि शहर दिसते ते निराळेच. तिकिटे भरून घेण्याचे कार्ड दोन युरोंना मिळते, पण ते प्रत्येकाचे स्वतंत्र लागते. आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असा असतो. आम्ही बुधवारी उतरलो, म्हणून आम्हाला तो फायद्याचा नव्हता. सोमवारी उतरण्याचा बेत आखला असता तर तोच उत्तम ठरला असता.

आता आगगाडीचा पास घ्यावा की सुटी तिकिटे? युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी युरेल पास असतो. साठ वर्षांवरील व्यक्तींना त्यात दहा टक्के सूट मिळते. परंतु फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत व रात्रीच्या गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे निराळे भरावे लागतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथील बहुतेक दिवसाच्या गाड्यांत तसे नाही. ज्यांना मन मानेल तिथे उतरायचे आहे त्यांनी पास घ्यावा. आमच्या तारखा ठरलेल्या होत्या आणि लांबचे प्रवास चारच होते, म्हणून आम्हास सुटी तिकिटेच स्वस्त पडली. स्वस्त विमानांचा मोह मात्र टाळला. पॅरिसच्या नावाने विकले जाणारे बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. शिवाय बॅगेचे पैसे वेगळे. तिकिटापेक्षा बॅग महाग, असेही घडते.

बाझलला आम्ही यूथ हॉस्टेलमध्ये उतरलो. नाव ऐकून हे लाजत होते. पण तेथे आमच्याहून वयस्कर जोडपी न्याहारीला बसलेली होती. रिचर्ड शिरमान नावाच्या एका जर्मन शाळामास्तराने विद्यार्थ्यांच्या पायी सहलींसाठी ही कल्पना काढली आणि १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह उघडले. आज तेथे कुटुंबांना दोन खाटांच्या स्वतंत्र खोल्याही मिळतात. बाझलमध्ये मुक्कामाच्या पाहुण्याला शहरातील ट्राम व बस फुकट असणारे कार्ड देतात. जिनिव्हातही अशीच सोय आहे. स्वित्झर्लंडसारख्या महागड्या देशात ही सवलत लहान नव्हे. लक्झेंबर्ग देशात तर २९ फेब्रुवारी २०२० पासून बस, ट्राम आणि आगगाडीचा दुसरा वर्ग सर्वांनाच विनामूल्य आहे.

तेथून झ्युरिच तासाभरावर. रात्री झ्युरिचला बसून सकाळी व्हिएन्नाला उतरलो. त्या रात्रीच्या खोलीचे पैसे वाचले. चार जणांच्या डब्यात आडवे होण्याच्या फळ्या असतात. आपल्या थ्री टायरची सवय असणाऱ्यांना काही नवल वाटणार नाही. अंथरूण-पांघरूण आणि सकाळी चहा-पाव तिकिटातच. खालची जागा मात्र तिकीट काढतानाच मागून घ्यावी. सकाळी उतरल्यावर खोली दुपारपर्यंत मिळत नाही. सामान तेवढे ठेवून घेतात.

व्हिएन्नात स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती. अशा जागेला साफसफाईचे एकरकमी पैसे असतात, तेव्हा एका रात्रीसाठी ती परवडत नाही, तीन-चार रात्रींसाठी परवडते. ओटाक्रिंग भागातील ब्रुनेनमार्क्टमध्ये तुर्की दुकानांत हिरव्या मिरच्या, कोथिंबीर आणि भेंडी मिळाली. त्या रात्री थालीपीठ झाले. येथे विमानाने उतरणाऱ्यांनी विमानतळावरच्या खास जलद गाडीच्या मोहात पडू नये. साधी उपनगरी गाडी दहा-एक मिनिटे अधिक घेते आणि भाडे तिच्या निम्म्याहूनही कमी असते.

व्हिएन्ना ते व्हेनिस हा दिवसाचा प्रवास सेमरिंगच्या घाटातून झाला. १८५४ साली बांधून झालेला हा लोहमार्ग पाहताना खंडाळ्याची आठवण होते. व्हेनिसमध्ये आम्ही मेस्त्रेला, म्हणजे खाडीपूल ओलांडण्याआधीच्या वस्तीत राहिलो. येथे दूरची खोली शहाणपणाची ठरली, कारण ती स्थानकासमोर होती, उद्वाहन होते, आणि गाडी दहा-बारा मिनिटांत व्हेनिसला सोडते. एके दिवशीच येऊन जाणाऱ्या प्रवाशांकडून २०२४ पासून ठराविक दिवशी प्रवेशशुल्क घेऊ लागले आहेत. मेस्त्रेत रात्री राहणाऱ्यांना ते माफ असते. जलबसचे तिकीट आम्ही गेलो तेव्हा साडेनऊ युरो होते. आम्ही ते एकदाच काढून मोठा कालवा पाहिला. गोंडोल्याची हौस पैलतीरी नेणाऱ्या साध्या नावेने, दोन युरोंत भागवली. हे उभे राहिले नाहीत, बसून राहिले. नावाड्याने काही म्हटले नाही.

रोममध्ये जोगिणींच्या मठातील अतिथिगृहात जागा मिळाली. रात्री अकराला दार बंद होई. आम्हास तेवढा उशीर करायचाच नव्हता. खोली साधी आणि लखलखीत. परतताना विमानतळाला खास गाडी १४ युरोंना, तर त्रास्तेवेरे स्थानकावरून साधी गाडी ८ युरोंना होती. आम्ही दुसरी धरली. इटलीत साध्या गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात ठसा मारून घेतल्याखेरीज गाडीत चढू नये, नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो.

घरी येऊन वही मिटवली तेव्हा प्रवासाच्या भागातले साडेसहा हजार रुपये शिल्लक होते. पॅरिसचे चोवीस हजार रात्रीच्या गाडीने, मठाने आणि थालीपिठाने कसेबसे भरून काढले होते. ह्यांची शस्त्रक्रिया नोव्हेंबरात बडोद्यातच झाली. तिसऱ्या आठवड्यात जिन्याचा व्यायाम सुरू झाला, तेव्हा चौथ्या पायरीवर थांबून ह्यांनी मला विचारले, “पॅरिसच्या त्या खोलीची पावती ठेवली आहेस ना?”

ठेवली आहे.