शब्दाला कागदाची जोड हवी

धायरी आणि शेजारच्या नऱ्हे परिसरातील छोट्या वर्कशॉपमध्ये बरेच काम आजही शब्दावर चालते. मोठ्या कारखान्याचा परचेस अधिकारी फोन करतो, "पाचशे नग करून द्या, भावाचे नंतर बघू," आणि आपला कारागीर लेथ सुरू करतो. असे संबंध दहा-दहा वर्षे टिकतात. त्यात वाईट काही नाही. अडचण येते ती माणूस बदलल्यावर. नवा अधिकारी विचारतो, "वाढीव भाव द्यायचा असे कुठे लिहिले आहे?" शब्द माणसाने दिला होता, कंपनीने नव्हे. तो माणसाबरोबरच निघून गेला.

मग सारेच कागदावर आणावे काय? तसेही नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या उद्योजकांची पाहणी स्ट्युअर्ट मॅकॉले यांनी 1963 साली प्रसिद्ध केली. तेथेही व्यापारी कोर्टात जाण्यापेक्षा आपसात बोलूनच तंटे मिटवत होते. दावा लावला की पुढचे काम जाते. अडीनडीला रात्रीतून माल काढून देणे कराराने होत नाही, भरवशावरच होते.

तेव्हा वाटणी करावी. ज्यावरून पुढे वाद होईल ते लिहावे: भाव किती, पोलाद महागले तर फरक कोणी सोसायचा, डाय कोणाच्या मालकीची, नापास माल किती दिवसांत परत करायचा, पैसे कधी द्यायचे. एक पान पुरे, पण दोघांच्या सह्या हव्यात. बाकीचे संबंधावर सोडावे.

2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान कारखानदाराचे पैसे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी मुदतीचा आकडा वाचावा. माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असे धरतात. म्हणून चलनावर तारीख व पोच घ्यावी. उशिरावर व्याजाची तरतूद आहे. ज्याला व्याज नको, त्यानेही मुद्दल वेळेवर मागण्याचा हक्क सोडू नये.

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आहे आणि लगेच पुढच्या आयतीत अमानत परत करण्याची. दोन्ही शेजारी आहेत. पुढची ऑर्डर घेताना हे एक पान पुढे करा. खरा जुना गिऱ्हाईक त्यावर रागावणार नाही.