एक्स्प्लेनर : भूतकाळात नेणाऱ्या भीतीच्या गोष्टी मुलांनी का वाचाव्यात?

घाटातला वेळ वाचावा म्हणून खोपोली ते कुसगाव ‘मिसिंग लिंक’चे बोगदे खोदले गेले. पण आजोबांच्या काळात नेणारा बोगदा? तो गोष्टीतच सापडतो.

या गोष्टींत नेमकं काय असतं?
जुनं घर, कुलूपबंद पेटी, रात्री आपोआप उघडणारं दार. पलीकडे 50 वर्षांपूर्वीचं तेच घर आणि घरच्यांनी लपवलेली एखादी गोष्ट. मराठीला हे परकं नाही. नारायण धारपांनी भीती दिली, तर जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये नायकाला वेगळ्याच इतिहासात नेलं.

भूतकाळ बदलता येतो का?
इथे पेच आहे. नातवाने मागे जाऊन आजी-आजोबांचं लग्नच मोडलं, तर नातू जन्मेल कसा? म्हणून चांगल्या गोष्टीतलं मूल झालेली चूक पुसत नाही, समजून घेतं.

मावळात असं काय दडलंय?
पवना धरणाच्या पाण्याखाली गेलेली घरं आहेत. सातबाऱ्यावर नसलेली आत्याही आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तरीही हक्कसोड पत्रावर आत्याची सही का घेतली जाते, हे घरात कोणी बोलत नाही.

मग पालकांनी काय करावं?
अशी पुस्तकं खुशाल वाचू द्या. उद्या मुलाने विचारलं, ‘‘आत्याचं नाव कुठे गेलं?’’ तर ‘‘तुला काय करायचंय?’’ म्हणू नका. भुतापेक्षा मुलं या उत्तरालाच जास्त घाबरतात.