झोपेत पाय झाडणारा मोती

नगरजवळच्या नागापूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी आहे. त्यातला मुद्दा तेवढा सांगते. त्यांच्याकडे मोती नावाचा गावठी कुत्रा आहे, वय सहा वर्षं. यजमान एमआयडीसीत कामाला, शिफ्ट बदलती. मोती झोपला, की थोड्या वेळानं पाय झाडायला लागतो, ओठ थरथरतात, तोंडातल्या तोंडात भुंकतो आणि कधीकधी बारीक आवाजात विव्हळतो. सासूबाईंचं म्हणणं, "घरात कुत्रं रडणं बरं नव्हे. लांब कुठं तरी सोडून या त्याला." आणि धाकटी लेक, पाच वर्षांची, तो विव्हळला की त्याला कुशीत घ्यायला धावते. "आता मी कुणाचं ऐकू?" असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, मोती रडत नाही हो. त्याला स्वप्न पडतंय.

माणूस झोपला, की अधूनमधून त्याची बुबुळं मिटल्या पापण्यांखाली भराभर फिरतात. शिकागोच्या अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन या शास्त्रज्ञांनी १९५३ साली हे जगापुढे मांडलं. अशा वेळी माणसाला उठवलं, तर तो हमखास स्वप्न सांगतो. हीच झोप पुढं मांजरात आणि कुत्र्यातही सापडली. या झोपेत मेंदू जवळजवळ जागा असतो. पण मेंदूच्या बुडाशी असलेला एक भाग अंगाला जणू कुलूप घालतो, म्हणून आपण स्वप्नात पळालो तरी अंथरुणातच असतो. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा भाग निकामी करून पाहिला, तर झोपलेली मांजरं उठून नसलेल्या शत्रूवर झडप घालू लागली! कुत्र्याचं कुलूप जरा सैल असतं म्हणा ना. पंजा हलतो, मिशी थरथरते, भुंकणं घशातच राहतं. पिल्लांमध्ये तर हे फारच दिसतं.

स्वप्न कसलं, ते मोतीला विचारता येत नाही. पण २००१ साली अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग झाला. दिवसा ठरावीक वाटेनं धावताना उंदरांच्या मेंदूत जे तरंग उठले, त्याच क्रमाचे तरंग रात्री झोपेतही उठलेले दिसले. म्हणजे तुमचा मोती दिवसभर ज्या डुकरामागं धावला, त्याच डुकरामागं रात्रीही धावत असेल, असं मानायला हरकत नाही.

मात्र स्वप्न आणि फिट यांतला फरक प्रत्येकीला कळायलाच हवा. स्वप्नात अंग सैल असतं, झटके हलके आणि तुटक असतात, नावानं हाक मारली की कुत्रा डोळे उघडून तुम्हाला ओळखतो. फिटमध्ये अंग लाकडासारखं ताठ होतं, दातखिळी बसते, लाळ गळते, पुष्कळदा लघवी होते. हाक ऐकू जात नाही, आणि नंतरही तो बावचळल्यासारखा भिंतीला धडकत फिरतो. अशा वेळी तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. आजूबाजूचं सामान बाजूला करा, दिवा मंद करा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर फिट चालली, तर थांबायचं नाही, तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे. फोनवर चित्रण करून ठेवलंत तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

आता धाकटीबद्दल. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. स्वप्नातल्या कुत्र्याला कुणीही हात लावायचा नाही, लेकरानं तर नाहीच. जागा होता होता तो आधी चावतो आणि मग ओळखतो. त्यात त्याचा दोष नाही. उठवायचंच असेल तर चार हात लांबून नाव घ्यावं. चुकून दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करा. घरचाच कुत्रा आहे, म्हणून टाळू नका. मोतीची रेबीजची लस दरवर्षी झाली पाहिजे, हे सांगायला नकोच.

पत्रात बाकीच्या लकबीही आहेत. झोपण्याआधी तीनदा गोल फिरणं, गोणपाट उकरणं: रानात गवत तुडवून जागा करायची ही पिढीजात सवय, तिला औषध नाही. नगरच्या थंडीत शेपटीत नाक खुपसून मुटकुळं करणं म्हणजे ऊब राखणं. उन्हाळ्यात मोरीपाशी नाही तर शहाबादी फरशीवर पोट टेकून पसरणं म्हणजे गारवा घेणं. पोटावर केस विरळ ना! आणि यजमानांची सेकंड शिफ्ट असली, की मोती दाराला पाठ न देता, तोंड बाहेर करून झोपतो म्हणे. ते का, हे मी सांगायला हवं का?

काळजी करायची ती सवय एकाएकी बदलली तर. अंधारात दडून बसणं, आवाज घोगरा होणं, पाणी गिळता न येणं, लाळ, हवेतच चावे घेणं असं दिसलं, तर जवळ जाऊ नका, दार ओढून घ्या आणि डॉक्टरांना कळवा. नुसताच मलूल पडून राहतो, जेवत नाही, हिरड्या पांढुरक्या दिसतात, तर गोचीडतापाची शंका घ्यावी. दहा-बारा वर्षांचं कुत्रं दिवसा झोपून रात्री घरभर फिरत असेल, कोपऱ्यात तोंड करून उभं राहत असेल, तर ते म्हातारपणाचं विसरणं. त्यावरही थोडे उपाय आहेत.

सासूबाईंशी वाद घालू नका. देव्हाऱ्यात दत्ताची तसबीर असेलच, पायाशी चार कुत्री आहेत, ती दाखवा आणि म्हणा, "आई, हा पण झोपेत राखणच करतोय." हेही सांगा, की अनोळखी भागात सोडलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री टिकू देत नाहीत, आणि पाळलेलं जनावर उपाशी मरायला सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. तरीही त्यांची झोपमोड होत असेल, तर मोतीचं गोणपाट त्यांच्या खोलीजवळून हलवून पडवीत, दारालगत टाका. आठवड्यातून एकदा ते कडक उन्हात घाला, आणि परत अंथरण्याआधी शिवणीत गोचीड नाही ना, ते बघून घ्या.