खाल्ली जाणारी शेळी वाढली, पुजली जाणारी गाय घटली

जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, पण इथली काळी शेळी आजही उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते. 1982 पर्यंत लातूरही याच जिल्ह्यात होते, म्हणजे देवणी गोवंशाचे माहेरही इथलेच. या दोन जनावरांचे नशीब शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर गोरक्षणाच्या राजकारणाचा हिशेब लगेच कळतो.

शासनाच्याच पशुगणनेचे आकडे घ्या. 2012 ते 2019 या काळात महाराष्ट्रातल्या शेळ्या सुमारे 84 लाखांवरून 106 लाखांवर गेल्या. गोवंश मात्र सुमारे 155 लाखांवरून 140 लाखांवर आला. जी रोज कापली जाते ती वाढली आणि जिला कायद्याने अभय दिले ती घटली!

कारण गोठ्यात आहे. उस्मानाबादी शेळीला बरेचदा जुळी होतात. पाटी कळपात राहते, बोकड विकला जातो. चांगला बोकड पैदाशीला ठेवायचा आणि बाकीचे ईदला, जत्रेला, आठवडी बाजारात विकायचे. नाकारलेल्या बोकडाला भाव मिळतो, म्हणूनच निवड करणे परवडते. वंश सुधारतो तो असा.

देवणीच्या गोऱ्ह्याचे काय? पूर्वी त्याचा बैल व्हायचा, औताला जुंपला जायचा आणि थकला की बाजारात जायचा. त्या पैशात थोडी भर घालून शेतकरी नवी जोडी आणायचा. ट्रॅक्टरने त्याचे काम काढून घेतले, हे खरेच. पण काम गेल्यावर उरलेली किंमत कायद्याने काढून घेतली. 1976 च्या कायद्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती, मात्र निकामी बैल दाखला घेऊन कत्तलीला देता येत होता. 1995 च्या दुरुस्तीला 2015 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि ती वाटही बंद झाली. आता पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गंमत म्हणजे सरकारलाही गोऱ्हा नको आहे. कालवडीच जन्माव्यात म्हणून लिंगनिर्धारित रेतमात्रांवर सरकारच अनुदान देते. जो जन्मूच नये अशी सरकारची इच्छा, तो जन्मला तर शेतकऱ्याने मात्र मरेपर्यंत सांभाळायचा! 2024 मध्ये देशी गाय 'राज्यमाता' झाली. दिवसाला 50 रुपये जाहीर झाले, तेही गोशाळेतल्या गाईसाठी. शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेल्या बैलाला काय मिळाले?

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतल्या पशुप्रदर्शनात देखण्या वळूला बक्षीस मिळते. मिळायलाच हवे. पण एक वळू निवडायचा तर अनेक गोऱ्हे नाकारावे लागतात. त्यांना गिऱ्हाईक नसेल, तर पुढच्या प्रदर्शनाला वळू येणार कुठून?

हे गिऱ्हाईक म्हणजे कुरेशी व्यापारी. वाटेत गाड्या अडवणे, मारहाण, जप्ती यांना कंटाळून 2025 च्या पावसाळ्यात राज्यात ठिकठिकाणी कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी-विक्रीच थांबवली. तेव्हा म्हशीसुद्धा विकेनात आणि शेतकऱ्यांना कळले की हा व्यापारी आपला शत्रू नव्हता, दुष्काळातली आपली बँक होता.

मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये बंदी कायम ठेवली, पण निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करावे, हे कलम रद्द केले. न्यायालयाने रद्द केलेले ते कलम रस्त्यावरचा जमाव आजही राबवतो आणि पोलीस बाजूला उभे राहतात.

आपल्या समाजालाही सांगायला हवे. हा प्रश्न 'आमच्या ताटाचा' म्हणून मांडला, की आपण तो हरतो. तो दावणीचा प्रश्न आहे, आणि त्या दावणीचा मालक बहुतेक वेळा मराठा, धनगर, लिंगायत किंवा दलित शेतकरी असतो. कायदा आहे तोवर पाळायचा, बाजाराची पावती आणि वाहतुकीचे कागद चोख ठेवायचे आणि लढाई शेतकऱ्यासोबत उघडपणे लढायची.

मागण्या साध्या आहेत. पशुवैद्यकाने निकामी ठरवलेला बैल विकण्याची 2015 पूर्वीची मुभा परत द्या. ती देणार नसाल, तर असा प्रत्येक बैल सरकारने बाजारभावाने विकत घ्यावा. आणि गाडी तपासण्याचा अधिकार फक्त वर्दीला असावा, गळ्यातल्या उपरण्याला नव्हे.

गाय वाचवायची असेल, तर आधी ती पाळणारा वाचवा.