बळी गेला म्हणे!

येशू ‘आमच्या’ पापांसाठी मेला म्हणतात. माझा सवाल सरळ आहे. आमच्या म्हणजे कुणाच्या?

पाटलाच्या पापासाठी मेला असेल तर पाटलाला जाऊन सांगा. पाटील चर्चमध्ये येत नाही. तिथं बाकावर बसलेत ते आमचेच महार-मांग. ह्यांच्या बापजाद्यांनी गावाची मेलेली ढोरं ओढली, वेसकरकी केली, दारोदार शिळे तुकडे मागितले. आणि त्यांनाच दर रविवारी ऐकवायचं, की बाबांनो, तुम्ही पापी. तुमचं कर्ज एवढं दांडगं, की ते फेडायला देवाला पोटचा पोर मारावा लागला. वा रे हिशेब! ज्याला लुटलं तोच कर्जदार. सावकाराची वही परवडली, तिच्यात निदान मुद्दल तरी लिहिलेलं असतं.

मी बौद्ध. दुसऱ्याच्या देवाची उठाठेव मला कशाला, असं कुणी म्हणेल. तर माझी आत्या ख्रिस्ती आहे. तिची पोरं माझ्या रक्ताची आहेत. लोणावळ्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. भिंतीच्या अलीकडं बाबासाहेब, पलीकडं येशू, आणि नळ दोघांना मिळून एक. तिची पोरं मोर्चाला येत नाहीत. ‘आपलं राज्य ह्या जगातलं नाही’ म्हणतात. म्हणून ही उठाठेव.

हे दुखणं बाबासाहेबांनी नेमकं पकडलं होतं. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना, मला बुद्ध आणि ख्रिस्त ह्या दोनच व्यक्तींनी ओढ लावली, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. आणि लगेच सुनावलंही, की तुम्ही अन्यायाविरुद्ध राजकारणात उतरत नाही, तुमच्या देवळांत जात तशीच आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहून ठेवलेलं १९८९ साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथांच्या पाचव्या खंडात छापून आलं. त्यात हेच आहे : दुःखाचं मूळ तुझ्या पापात आहे असं एकदा माणसाच्या मनावर बिंबवलं, की भोवतालच्या समाजाकडं बोट दाखवायची त्याला गरज वाटत नाही. तो गुडघे टेकतो. उठत नाही.

आता मराठीतला एक लबाड शब्द बघा. बळी. ९ ऑगस्ट २०११ ला आपल्या मावळात, बऊरजवळ एक्सप्रेसवेवर, पवनेच्या पाण्याची बंद पाइपलाइन नको म्हणणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. तिघं मेले, त्यांत एक बाई. लोक काय म्हणतात? ‘तिघांचा बळी गेला.’ गेला! पाय घसरून गेल्यासारखा. बंदूक कुणाची, हुकूम कुणाचा, सगळं वाक्यातून गायब. पुरंदरचा बुरूज ठरेना म्हणून पायात नाथनाक आणि देवकाई ह्या महार नवराबायकोला जिवंत गाडलं, असं सांगतात. तिथंही बुरुजाला ‘बळी दिला’. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा मेला. तो वेठीच्या कामावर होता हे कीर्तनकार पटकन उरकतो आणि हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आल्याचं मात्र अर्धा तास रंगवतो.

बळी म्हटलं, की खुनी सुटला.

चर्चनं येशूचं तेच केलं. एका सुतारानं यरुशलेमच्या मंदिरात घुसून सराफांचे चौरंग उलथे पाडले. पुजाऱ्यांच्या पोटावर पाय आला, रोमन सरकारला बंडाचा वास आला, दोघांनी मिळून त्याला खांबावर ठोकलं. हा सरळसरळ खून. त्याचा झाला ‘देवाचा कोकरा’. कार्ल्याच्या पायऱ्यांवर एकवीरेच्या नवसाचा बोकड ओढत नेताना मी लहानपणापासून बघतोय. मागं दोन हजार वर्षांचं बुद्धाचं चैत्य गप उभं आहे. यज्ञातल्या पशुबळीला नकार देणाऱ्या माणसाच्या दारात हे. तर कोकरा म्हणजे काय हे मला कुणी समजावायला नको. कोकराला कुणी विचारत नाही.

आणि खंडणी! मराठी बायबलात येशू आपला जीव खंडणी म्हणून देतो. आज खंडणी म्हटलं की कोण आठवतं ते सांगायला नको. पण ही खंडणी घेतली कोणी? पहिल्या शतकांतले काही धर्मगुरू म्हणाले, सैतानानं. १०९८ च्या सुमारास अन्सेल्म नावाच्या बिशपनं सांगितलं, छे, देवानंच घेतली. माणसानं देवाची अब्रू घेतली होती, भरपाई हवी होती. हा देव युरोपातल्या जहागीरदारासारखा, म्हणजे आपल्याकडच्या इनामदारासारखा. वेशीतून चप्पल घालून गेला, अब्रू गेली, आता कुणाचं तरी रक्त पाहिजे! पुढं कॅल्व्हिन आला. तो शिकलेला वकिली. त्यानं वाड्याचं कोर्ट केलं : गुन्हा तुझा, शिक्षा त्याला, निकाल लागला. आत्याच्या चर्चमध्ये आजही हाच माल विकला जातो, आणि नवा म्हणून विकला जातो.

तिकडं युरोपात दुकानं कधीच बदलली होती. हार्नाकनं १९०० साली बर्लिनमध्ये व्याख्यानं देऊन सांगितलं, की येशूच्या शिकवणीत स्वतः येशू मुख्य नाही. देव बाप आहे आणि माणसाच्या जिवाला मोल आहे, एवढंच सार. ऐकायला गोड. १९१४ ला कैसरनं युद्ध काढलं तेव्हा त्याचं समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर ह्याच हार्नाकची सही. कार्ल बार्थ हा त्याचा विद्यार्थी. गुरूची सही बघून तो हादरला, आणि असल्या देवाला त्यानं साफ ‘नाही’ म्हटलं. बुल्टमान १९४१ मध्ये म्हणाला, विजेचा दिवा आणि रेडिओ वापरणाऱ्या माणसाला भुताखेतांच्या, चमत्कारांच्या भाषेत ख्रिस्त सांगू नका. बरोबर आहे. पण वीज कुणाची? वळवण, शिरवट्याची तळी आमच्या डोंगरात. १९१५ पासून त्यांचं पाणी खोपोलीला उतरून मुंबईच्या गिरण्या फिरवायला लागलं. दिवा तिकडं, बुडालेली जमीन इकडं. बुल्टमानचा ‘आधुनिक माणूस’ दिव्याखाली बसलेला होता. आमच्यासारखा तळ्याखाली गेलेला त्याला भेटला नाही.

बोनहॉफरला मात्र सलाम. हिटलरच्या विरोधात गेला, ९ एप्रिल १९४५ ला फासावर चढला. त्याचं ख्रिस्तशास्त्र त्याच्या मानेवर तपासून घेतलं गेलं.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच साली जर्मनीत मोल्टमानचं ‘क्रूसावर खिळलेला देव’ हे पुस्तक आलं. देव वर बसून मजा बघत नाही, तो क्रूसावर स्वतः यातना भोगतो, असं ते सांगतं. अन्सेल्मच्या इनामदारापेक्षा हा देव कितीतरी बरा. पण मित्रहो, आमच्याबरोबर रडणारे आम्ही खूप पाहिले. गांधी रडले, समाजवादी रडले, आता देव. रडून झालं की विहीर कुणाच्या ताब्यात?

अमेरिकेतल्या काळ्यांनी ह्या शास्त्राला रस्त्यावर आणलं. जेम्स कोननं १९६९ मध्ये काळ्यांच्या सत्तेचा झगडा हाच आज ख्रिस्ताचं काम आहे, असं ठणकावलं. २०११ च्या पुस्तकात त्यानं क्रूस आणि गोऱ्यांच्या झुंडीनं काळ्यांना लटकवलेलं झाड शेजारी शेजारी ठेवलं. खैरलांजीची २९ सप्टेंबर २००६ आठवणाऱ्याला ह्याचं भाषांतर लागत नाही. पण माझ्या मते सगळ्यांत धारदार बोलली डेलोरेस विल्यम्स, १९९३ मध्ये. ती म्हणाली, काळ्या बाईला गुलामीत नेहमी दुसऱ्याच्या जागी उभं केलं : गोरीच्या मुलाला दूध पाज, मालकाची भूक भागव. तिला जर सांगितलं की दुसऱ्याच्या जागी भोगणं हीच तारणाची रीत, तर तिच्या गुलामीलाच देवाचा शिक्का बसतो. येशूनं वाचवलं ते त्याच्या जगण्यानं, मरण्यानं नाही.

माझी आत्या चार बंगल्यांची धुणीभांडी करते. सांधे सुजलेत. तिला सांगतात, येशूनं सोसलं, तू सोस.

काही वर्षांमागं असल्याच एका बंगल्यात पाळकांचं शिबिर होतं. मी खुर्च्या पोचवायला गेलो आणि दाराशी ऐकत थांबलो. न राहवून विचारलं, साहेब, येशूला मारलं कोणी? ते म्हणाले, आपण सर्वांनी. मी म्हटलं, मी तर तिथं नव्हतो. सगळे हसले. खुर्च्यांचं भाडं दिलं, उत्तर दिलं नाही.

आपल्याकडच्या शहाण्या ख्रिस्त्यांनी काय केलं? ना. वा. टिळक, चित्पावन, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. माणूस सच्चा होता हे कबूल. शेवटी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणत. देहू आमच्या मावळाच्या वेशीवरच आहे. त्या पुलावर आमच्या आजोबांना पाय ठेवू दिला असता का, हे टिळकांनी विचारलं नाही. देशभर तेच. ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण-सवर्ण पंडितांनी ख्रिस्त वेदान्तात बसवला, गुरू केला, अवतार केला. जानवं तेवढं घालायचं राहिलं. ही लबाडी चव्हाट्यावर आणली अरविंद निर्मल ह्या मराठी दलित ख्रिस्ती माणसानं. १९८१ मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यानं शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी केली, पुढं मद्रासच्या गुरुकुलात दलित धर्मशास्त्राचा विभाग चालवला. निर्मल म्हणाला, येशू स्वतः दलित. त्याच्या वंशावळीत तामार आहे, राहाब वेश्या आहे. मंदिरात त्यानं केला तो परक्यांच्या हक्काचा मंदिरप्रवेश. म्हणजे आपला १९३० चा काळाराम!

इथवर मी निर्मलच्या खांद्याला खांदा लावून चालतो. पण तो शेवटी क्रूसापाशी थांबतो : देवानंही टाकलेला, हेच दलितपण. नाही गड्या. टाकलेपण हे आमचं सत्त्व नाही, ते आमच्यावर लादलंय. आमच्याकडं ‘बळी’चा दुसरा अर्थ आहे. जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या रांगेत बसवलं. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा माणूस ख्रिस्ती झाला नाही, पण येशू कोण हे त्याला कळलं. वामनानं ज्याच्या डोक्यावर पाय दिला तो राजा, आणि ज्याचं राज्य परत यावं म्हणून घरोघरच्या बाया ओवाळतात तो. कोकरू नव्हे. (टिळकांच्या बापाचं नाव वामन, हा आपला योगायोग.)

मला तारणारा नको. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये फरक सांगितलाय : बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे, आणि ख्रिस्तासारखा देवाचा पुत्र असल्याचा दावा त्यानं केला नाही. मी मार्गवाला. पण आत्याच्या पोरांना येशू हवाच असेल तर चौरंग उलथणारा घ्या.

कारण हा वाद पोथीतला राहिलेला नाही. ह्या देशात ख्रिस्ताच्या कार्यावरचा सगळ्यांत ताकदवान मजकूर राष्ट्रपतींच्या सहीचा आहे. १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश, कलम ३. हिंदू नसेल तो अनुसूचित जातीचा नाही. १९५६ ला शीख आत घेतले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती बाहेरच. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, तरी बाहेरच. सरकार म्हणतं, बाप्तिस्म्यानं जात धुतली गेली. पाळक म्हणतो, बाप्तिस्म्यानं जात धुतली गेली. गावाला एवढंच माहीत नाही. आत्याचा थोरला गावाकडं खोली बघायला गेला, तर आडनाव ऐकून मालकानं दार ओढलं. गळ्यातला क्रूस दिसत होता.

आम्ही बौद्धांनी केंद्राच्या यादीसाठी १९५६ ते १९९० वाट बघितली. चौतीस वर्षं. आता तुमच्यासाठी भांडायला आमची तयारी आहे. काही आमचेच म्हणतील, वाटेकरी कशाला वाढवता? त्यांना मी बघतो. तुम्ही आधी ते ‘आमच्या पापांसाठी’ सोडा.

२५ डिसेंबरला तुमचा नाताळ. त्याच तारखेला १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली. त्याच तारखेला १९५४ साली बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, आणि दर वर्षी तिथं आपली माणसं जमतात. सकाळची उपासना उरका, आत्यालाही घ्या, आणि लोणावळ्याहून लोकल धरा. बेगडेवाडीच्या पुढचं स्टेशन. मी फलाटावर असेन.