उत्तम खाणावळीची कसोटी : नेपल्स शहरांतील पिझ्झा

पिझ्झा खावा तर तो कोणत्या दुकानीं, हा वाद आमच्या शाळेच्या ओसरीवर हल्लीं वारंवार ऐकूं येतो. कोणी एका दुकानाच्या चकचकीत मेजांची तारीफ करितो, कोणी दुसऱ्या दुकानांतील चीजचे धागे किती लांब निघतात हें हातवारे करून दाखवितो. आणि ज्याच्या वडिलांस अशा दुकानाची पायरी चढणें परवडत नाहीं, तो विद्यार्थी आपला डबा झांकून गुपचूप बाजूस सरतो. वाद घालणारांस आमचें सांगणें एवढेंच कीं, तुमचा प्रश्न चांगला आहे, परंतु त्याची कसोटी चुकीची आहे. उत्तम पिझ्झा कोठें मिळतो हें सांगण्याचा अधिकार जर कोणत्या एका शहरास असेल, तर तो इटलीच्या दक्षिणेस व्हेसुव्हियस पर्वताच्या छायेंत वसलेल्या नेपल्स शहरास आहे. तेव्हां आपण त्या शहरासच विचारूं. एका उन्हाळी सुटींत तेथें कांहीं दिवस राहण्याचा योग आम्हांस आला होता. परंतु पुढें जें लिहीत आहों, तें केवळ जिभेच्या साक्षीवरून नव्हे, तर त्या पदार्थाच्या इतिहासावरून लिहीत आहों.

पिझ्झा हा शब्द फार जुना आहे. नेपल्सच्या वायव्येस समुद्रकांठीं गाएता नांवाचें गांव आहे. तेथील इसवी सन ९९७ च्या एका लॅटिन करारपत्रांत, कुळानें तेथील बिशपास नाताळास बारा व ईस्टरास बारा पिझ्झा द्यावेत असें लिहिलेलें आढळतें. अर्थात् त्या पिझ्झावर टोमॅटो असणें शक्य नव्हतें. कारण टोमॅटो हें मूळचें अमेरिकेचें फळ असून तें सोळाव्या शतकांत युरोपांत आलें, आणि पुढेंही पुष्कळ काळ लोक त्याकडे संशयानेंच पाहत. अठराव्या शतकांत नेपल्सच्या गोरगरिबांनीं तें आपल्या सपाट पावावर पसरण्यास आरंभ केला. ज्यांस बंदरावर ओझीं वाहावीं लागत, ज्यांच्या एका खोलीच्या घरांत चूल मांडण्यासही जागा नसे, त्यांस हातांत धरून, चालतां चालतां खातां येईल असें स्वस्त व ऊन अन्न पाहिजे होतें. पिझ्झाचा जन्म या गरजेंतून झालेला आहे. चैनींतून झालेला नाहीं.

गरिबांच्या अन्नाची जी गत सर्व देशांत होते, तीच याचीही झाली. तारायंत्राचे जनक सॅम्युएल मोर्स हे १८३१ सालीं नेपल्स येथें गेले होते. त्यांस हा पदार्थ पाहून शिसारी आली. पिनोकिओची गोष्ट लिहून जगांतील मुलांस हंसविणारे कोलोदी हे स्वतः इटालियन. परंतु त्यांनींही १८८६ सालीं शाळकरी मुलांसाठीं लिहिलेल्या प्रवासाच्या पुस्तकांत पिझ्झाचें वर्णन मळकट ठिगळांचें एक मिश्रण अशाच भावानें केलें. मातिल्दे सेराओ या विदुषीचें लिखाण मात्र निराळ्या जातीचें आहे. १८८४ सालीं नेपल्समध्यें पटकीची मोठी सांथ आली, त्या वेळीं तिनें त्या शहरांतील दरिद्री वस्त्यांचें वर्णन करणारें पुस्तक लिहिलें. एका नाण्यास मिळणारा पिझ्झाचा तुकडा उन्हांत कसा सुकतो, त्यावर माशा कशा बसतात, हें तिनें लपविलें नाहीं. पण ज्याची न्याहारी व जेवण त्या तुकड्यावर होतें, त्या मनुष्याचा तिनें उपहासही केला नाहीं. दोष पाहावा, पण खाणाराची लाज काढूं नये, हा धडा आमच्या मतें तिजपासून घेण्यासारखा आहे.

याहून मौजेची गोष्ट फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा यांची आहे. १८४३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यांनीं लिहिलें कीं, नेपल्समध्यें 'पिझ्झा आ ओत्तो', म्हणजे 'आठाचा पिझ्झा', या नांवाचा एक प्रकार विकतात, आणि तो आठ दिवसांपूर्वीं भाजलेला शिळा पिझ्झा होय. वस्तुतः पिझ्झा ताजाच असे. आठ दिवसांनीं द्यावयाचे असत ते पैसे. 'आज खा, आठवड्यानें दे' असा तो उधारीचा वायदा होता. ज्या व्यवहारांत एका गरिबानें दुसऱ्या गरिबाच्या शब्दावर विश्वास ठेविला, त्यांत एवढ्या चतुर लेखकास शिळें अन्न दिसलें! बाहेरून पाहणारा मनुष्य दुसऱ्याच्या दारिद्र्यासंबंधानें किती सहज चुकतो, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

आतां राणीची कथा. १८८९ च्या जून महिन्यांत राणी मार्गेरिता नेपल्स येथें आली असतां राफाएले एस्पोझितो नांवाच्या कारागिरानें तिच्यासाठीं तीन प्रकारचे पिझ्झा केले. त्यांपैकीं टोमॅटो, मोत्झारेला चीज व तुळशीच्या कुळांतील बेझिलचीं पानें घातलेला तिला आवडला, आणि त्यास तिचें नांव पडलें, अशी ही कथा आहे. ब्रांदी नांवाच्या दुकानांत त्यासंबंधीं राजवाड्याचें म्हणून एक पत्र लाविलेलें आहे. परंतु अलीकडील इतिहाससंशोधकांस त्या पत्राच्या खरेपणाविषयीं शंका आहे. शिवाय मोत्झारेला व बेझिल घातलेल्या पिझ्झाचें वर्णन त्यापूर्वींच्या पुस्तकांतही सांपडतें. कथा खरी असो वा नसो, ती इतकी लोकप्रिय कां झाली हें पाहण्यासारखें आहे. हजारों हमाल व कोळी जें पिढ्यान्‌पिढ्या खात आले, तें एका राणीनें चाखल्याशिवाय जगास प्रतिष्ठित वाटेना! अन्नाची योग्यता खाणाराच्या पदवीवरून ठरविण्याची ही खोड आमच्याही समाजांत कमी नाहीं.

पिझ्झाच्या कारागिरीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण शास्त्राच्या तासास जें शिकवितात तें येथें डोळ्यांपुढें घडतें. पीठ, पाणी, मीठ व खमीर या चार वस्तूंचा गोळा कित्येक तास फुगूं देतात, आणि लाटणें न लावितां केवळ बोटांनीं पसरितात. युरोपीय संघानें २०१० सालीं या पदार्थाची कृति अधिकृतपणें नोंदली. तींत व्यास ३५ सेंटिमीटरांहून अधिक नसावा, लांकडाच्या भट्टीची उष्णता सुमारें ४८५ अंश सेंटिग्रेड असावी, आणि भाजण्यास ६० ते ९० सेकंदच लागावे असें म्हटलें आहे. भट्टीची फरशी खालून वहनानें उष्णता देते, विटांचा घुमट वरून किरणांनीं देतो, आणि तापलेली हवा चोहों बाजूंनीं खेळते; उष्णतेचे तिन्ही मार्ग एकदम काम करितात. अशा भट्टीपुढें दहा सेकंदांचें दुर्लक्ष म्हणजे जळलेला पिझ्झा होय. नेपल्सच्या पिझ्झा करणारांच्या या कलेस युनेस्को या संस्थेनें ७ डिसेंबर १९१७ रोजीं नव्हे, तर त्यानंतर पुरत्या शंभर वर्षांनीं, २०१७ सालीं, मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. इतका काळ हे लोक मानाची वाट न पाहतां आपलें काम चोख करीत राहिले.

तर मग त्या शहरांत आमच्या आवडीच्या जागा कोणत्या? पहिली 'दा मिकेले'. कोंदुर्रो घराण्याचा हा धंदा १८७० सालापासूनचा मानितात. या दुकानानें पिढ्यान्‌पिढ्या मुख्यत्वें दोनच प्रकार केले : एक मार्गेरिता, व दुसरा मारिनारा, ज्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो व तेल एवढेंच असतें, चीज मुळींच नसतें. २०१० सालीं आलेल्या एका अमेरिकन चित्रपटामुळें या दुकानाची कीर्ति जगभर झाली. तरीही बाहेर चिठ्ठी घेऊन उभें राहावें, आणि आंत जागा मिळेल तेथें अनोळखी मनुष्याच्या शेजारीं बसावें, हा तेथील शिरस्ता आहे. चाळीस पदार्थ बेताचे करण्यापेक्षां दोन पदार्थ उत्कृष्ट करावे, हें विद्यार्थ्यांनींही मनांत ठेवावें.

दुसरी जागा त्रिबुनाली रस्त्यावरील १९३६ सालचें 'दि मात्तेओ'. १९९४ च्या जुलैंत सात मोठ्या राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद नेपल्समध्यें भरली होती, तेव्हां अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन येथें पिझ्झा खाऊन गेले. परंतु आम्हांस हें दुकान आवडतें तें निराळ्या कारणानें. दारांतच कांचेच्या पेटींत लहान पिझ्झा मांडलेले असतात. कामावर जाणारा मनुष्य थोडक्या पैशांत एक घेतो, रुमालासारखी त्याची चौपदरी घडी घालितो, आणि चालूं लागतो. अध्यक्ष व मजूर यांस एकाच भट्टींतील अन्न मिळतें.

तिसरी जागा एक दुकान नव्हे, तर एक रीत आहे. दुसऱ्या महायुद्धांत नेपल्सवर बाँबचा वर्षाव झाला. भट्ट्या मोडल्या; लांकूड, चीज व टोमॅटो दुर्मिळ झाले. तेव्हां गरीब वस्त्यांतील स्त्रियांनीं घराच्या दारांत कढई ठेवून पिझ्झा तेलांत तळून विकला, आणि तोही पुष्कळदां आठ दिवसांच्या उधारीवर. १९५४ सालच्या एका प्रसिद्ध इटालियन चित्रपटांत सोफिया लॉरेन या नटीनें अशीच पिझ्झावाली रंगविली आहे. मातेर्देई वस्तींतील 'स्तारिता' या जुन्या दुकानांत हा तळलेला पिझ्झा आजही मिळतो. तो खातांना आम्हांस राणीची नव्हे, तर त्या मायभगिनींची आठवण होते; कारण एका मोडक्या शहरास त्यांनीं जगविलें.

चौथी जागा सानिता नांवाच्या दरिद्री वस्तींतील 'कोंचेत्तीना आय त्रे सांती'. नेपल्समध्यें कॉफी पिणारानें आपल्या पेल्याबरोबर आणखी एका पेल्याचे पैसे देऊन ठेवावे, आणि पुढें येणाऱ्या गरजवंतानें तो प्यावा, अशी जुनी चाल आहे. हीच चाल या दुकानानें पिझ्झास लाविली. देणारा घेणाराचें तोंड पाहत नाहीं, आणि घेणारास देणारापुढें मान खालीं घालावी लागत नाहीं. दान कसें करावें यावर आम्हीं पुष्कळ व्याख्यानें ऐकिलीं आहेत. पण इतकी सोपी रीत क्वचितच ऐकिली.

यावर कोणी म्हणेल कीं, हीं दुकानें आतां परदेशी प्रवाशांनीं भरलीं, मग गरिबांचें काय उरलें? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. कीर्ति वाढली म्हणजे रांग लांबते, आणि रांगेंत उभें राहण्यास फुरसत कामकऱ्यास नसते. कोणी असेंही म्हणेल कीं, मैदा व चीज रोज खाणें मुलांच्या प्रकृतीस हितकर नव्हे. तेंही खरें, आम्ही रोज खाण्याची शिफारस करीत नाहीं. आमचा मुद्दा एवढाच कीं, ज्या दुकानांनीं घडीचा स्वस्त पिझ्झा, उधारी व आगाऊ दिलेलें दान या जुन्या वाटा बंद केल्या नाहींत, तीं दुकानें आमच्या आदरास पात्र आहेत.

दक्षिण इटलींतील गरीब लोक पोट भरण्यास अमेरिकेस गेले, आणि आपला पिझ्झा बरोबर घेऊन गेले. तेथील मोठ्या कंपन्यांनीं तो १९९६ सालीं आपल्या देशांत आणिला. येथें येतां येतां एक चमत्कार घडला. जी गरिबाची भाकरी होती, ती श्रीमंतीची खूण झाली! आणि मुंबईच्या गिरणीकामगारांस ज्यानें वर्षानुवर्षें आधार दिला तो आपला वडापाव, किंवा आईनें पहांटे उठून केलेली भाकरी व चटणी, यांची आमच्या मुलांस लाज वाटूं लागली. नेपल्सच्या हमालास हें सांगितलें असतें तर तो पोट धरून हंसला असता. कारण त्याचा पिझ्झा आणि आपला वडापाव हीं सख्खीं भावंडें आहेत.

पालकांस आमची एक विनंति आहे. वाढदिवसाची मेजवानी महागड्या दुकानीं करण्याची चढाओढ वर्गावर्गांतून वाढत आहे. एकानें दहा मुलें नेलीं म्हणून दुसऱ्यानें पंधरा न्यावीं, आणि ज्याच्या घरीं महिनाअखेरीची ओढाताण आहे त्यानें एकतर कर्ज काढावें किंवा आजाराचें निमित्त सांगावें, असें घडतांना आम्ही पाहत आहों. मुलाचा हट्ट पुरविण्यापूर्वीं त्यास एवढेंच विचारावें : 'तुझ्या वर्गांतील सर्वांत गरीब सोबत्यास तेथें संकोच वाटणार नाहीं ना? त्यास उद्यां उलट तुला बोलावितां येईल ना?' उत्तर 'नाहीं' असेल, तर घरीं एक मोठें पातेलें चुलीवर चढवावें आणि सर्वांस अंगणांत बसवावें.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांपैकीं कोणी पुढें शिक्षणासाठीं वा उद्योगासाठीं नेपल्सला गेलाच, तर त्या अरुंद रस्त्यांवर अवश्य फिरा, आणि घडी घातलेला ऊन पिझ्झा उभ्याउभ्या खा. दुकान निवडतांना पाटीवरील सोनेरी अक्षरें पाहूं नका. दारांतून आंत कोण कोण जातें तें पाहा. ज्या दारांतून मजूर, अध्यक्ष, विद्यार्थी व भुकेला परका असे सर्व जाऊं शकतात, तेंच त्या शहरांतील उत्तम दुकान होय. आणि नेपल्सला जाण्याचा योग येईपर्यंत हीच कसोटी आपल्या गांवांतील खाणावळीस व आपल्या घरच्या पंगतीस लावून पाहा.